झुकणारी तीन चाकं: आजोबांची रिक्षा ते माझी फुओको

हा भाग बसमध्ये किंवा कॅबमध्ये बसून ऐकत असाल, तर जरा खिडकीबाहेर बघा आणि एखादी रिक्षा वळताना दिसते का ते शोधा. रिक्षा उजवीकडे वळली की तिची बॉडी डावीकडे कलते, आणि ड्रायव्हर मात्र उजवीकडे सरकून बसतो. माझे आजोबा चिंचवडला रिक्षा चालवायचे. ते म्हणायचे, "आधी ब्रेक, मग वळण. उलटं केलंस तर आतलं चाक उचलतं." हे वाक्य मला नीट कळायला पंचवीस वर्षं गेली. आणि कळलं कुठे, तर इटलीत, तुरिनजवळच्या एका ओल्या घाटात.

तर झालं असं. मी तुरिनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. गेल्या वर्षी मी जुनी जिलेरा फुओको घेतली. 2009 चं मॉडेल, 493 सीसी, 40 हॉर्सपॉवर आणि चाकं तीन: पुढे दोन, मागे एक. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली, तर ते म्हणाले, "अरे, एवढ्या लांब जाऊन शेवटी रिक्षाच घेतलीस?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा, ही बाइक आहे!" पण बाबा अगदीच चुकीचे नव्हते. रिक्षा आणि ही गाडी एकाच घरातल्या आहेत. आजचा इतिहास या घराचाच.

1946 साली इटलीतल्या पोंतेदेरा गावात पियाजिओ कंपनीने व्हेस्पा आणली. ती डिझाइन केली कोरादिनो दास्कानिओ यांनी. हे मुळात हेलिकॉप्टरवाले इंजिनिअर. दोनच वर्षांनी, 1948 मध्ये, त्याच व्हेस्पाच्या मागे दोन चाकं आणि मालाची पेटी लावून 'आपे' तयार झाली. इटालियनमध्ये व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. युद्धानंतर लोकांकडे पैसे नव्हते, पण माल तर न्यायचा होता. मधमाशी कामाला लागली. पुढे बजाजने पियाजिओच्या परवान्याने भारतात स्कूटर आणि तीनचाकी बनवायला सुरुवात केली. आजोबांची रिक्षा याच वंशातली. आणि आज खुद्द पियाजिओचा कारखाना आपल्या बारामतीत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. रिक्षा झुकत नाही. वळताना सगळं वजन बाहेर ढकललं जातं, आणि पुढे एकच चाक असल्यामुळे ते रोखायला तिथे आधार कमी. म्हणून आतलं चाक उचलतं. मोटरसायकल मात्र आत झुकते आणि हिशोब जुळवते. गणित सोपं आहे. 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर 50 च्या स्पीडने जायचं, तर साधारण 33 अंश झुकावं लागतं. दोन चाकं असोत की तीन, फिजिक्स कोणाला सवलत देत नाही.

मग प्रश्न असा: तीन चाकं ठेवून झुकता येईल का?

पहिला गाजलेला प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. बीएसएने 1970 मध्ये एरियल थ्री नावाची मोपेड आणली. मागची दोन चाकं आणि इंजिन सरळ राहायचं, पुढचा भाग चालवणाऱ्यासकट झुकायचा. मध्ये एक सांधा. कल्पना जॉर्ज वॉलिस या इंजिनिअरची. लोकांनी ती घेतली नाही आणि बीएसएचे भरपूर पैसे बुडाले. पण कल्पना मेली नाही. होंडाने वॉलिसकडून परवाना घेतला आणि 1980 च्या दशकात जपानमध्ये जायरो स्कूटर आणली. तिकडे पिझ्झा पोचवणारी छपराची तीनचाकी दिसते ना, ती हीच.

2006 मध्ये पियाजिओने हे सगळं उलटं केलं. त्यांच्या एमपी3 या स्कूटरमध्ये दोन चाकं पुढे आली. हँडलच्या खाली ॲल्युमिनियमचे चार आडवे दांडे, त्यांचा समांतरभुज चौकोन. गाडी झुकली की चौकोन तिरका होतो आणि दोन्ही चाकं बरोबर झुकतात, 40 अंशांपर्यंत. सिग्नलला थांबताना बटण दाबलं की हा चौकोन लॉक होतो आणि पाय न टेकता उभं राहता येतं. थ्रॉटल दिलं की लॉक सुटतं. पण लॉक लावलंच नाही, तर सव्वादोनशे-अडीचशे किलोची गाडी कुठल्याही बाइकसारखी आडवी होते. पहिल्या आठवड्यात, पेट्रोलपंपावर, सगळ्यांसमोर. विचारू नका.

यात एक मजेशीर भाग कायद्याचा आहे. युरोपच्या नियमात असं होतं, की एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांमधलं अंतर 460 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती दोन चाकं एकच धरायची. मूळ एमपी3 मध्ये हे अंतर होतं 420, म्हणजे कागदोपत्री ती मोटरसायकल. मग पियाजिओने एलटी मॉडेल काढलं, अंतर 465. झाली ट्रायसिकल! फ्रान्स-इटलीत ती कारच्या लायसन्सवर चालवता येऊ लागली. पॅरिसमध्ये सूट घालून ऑफिसला जाणारे लोक या गाड्यांवर दिसतात, त्यामागे या साडेचार सेंटिमीटरचा मोठा हात आहे.

माझी फुओको मात्र अरुंद अंतरवाली. 2007 मध्ये आली, खाली एमपी3 चाच सांगाडा, वर जिलेराचं रेसिंगचं नाव आणि दणकट इंजिन. साहजिकच मला ती 'स्पोर्टी' करायची होती. मी पहिल्या महिन्यात काय केलं? एक्झॉस्ट बदलला. व्हेरिएटरमध्ये हलके रोलर टाकले. हलक्या रोलरने इंजिन वरच्या आरपीएमला राहतं, पिकअप छान मिळतो, टॉप स्पीड वाढत नाही. मी खूश.

मग ऑक्टोबरमध्ये सुपरगाच्या टेकडीवर गेलो. रस्ता ओला, वर पानं पडलेली. एका वळणावर गाडी झुकवली आणि हँडल थरथरलं. गाडी माझी रेष सोडून बाहेर जायला लागली. समोरून एक कार आली. आमच्यात किती अंतर राहिलं ते मी आईला सांगितलेलं नाही, आणि हा भाग ती ऐकणार नाही अशी आशा आहे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो. साठीचे गृहस्थ, मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणतो. त्यांनी एक्झॉस्टकडे बघितलंसुद्धा नाही. पुढची बाजू जॅकवर उचलली, एक चाक वर-खाली धरून हलवलं. खट्. सांध्यात ढिलाई होती. मग दोन्ही टायरवरचे चार आकडे दाखवले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एक टायर 2011 चं, दुसरं 2016 चं. रबर वेगळं, झीज वेगळी, हवासुद्धा वेगळी. म्हणजे एकाच हँडलला जोडलेल्या दोन चाकांची पकड वेगवेगळी. हे सगळं घेण्याआधी मला पाच मिनिटांत दिसलं असतं. मी इंजिनचा आवाज ऐकण्यात दंग होतो.

आमच्या कामात म्हणतात, जुन्या कोडवर नवं फीचर चढवण्याआधी टेस्ट चालवा. मी ऑफिसात रोज हे इतरांना सांगतो!

तर जुनी झुकणारी तीनचाकी घेणार असाल, तर क्रम लिहून घ्या. आधी पुढच्या चौकोनाचे बेअरिंग आणि स्टीअरिंगचे सांधे. मग पुढची दोन्ही टायर एकत्र, एकाच कंपनीची, आणि हवा अगदी सारखी. मग ब्रेक ऑइल, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. दर दोन वर्षांनी बदला. इथे तीन डिस्क आहेत, तीन्हींचे पॅड बघा. सपाट जागेवर लॉक लावून गाडी सरळ उभी राहते का तपासा. मग सीव्हीटीचा बेल्ट. एवढं झाल्यावर अपग्रेड: स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज, चांगले शॉक ॲब्सॉर्बर, आणि शेवटी, हौस उरली तर, रोलर.

कंपन्याही याच वाटेने गेल्या. यामाहाने 2018 मध्ये नायकेन विकायला काढली तेव्हा 847 सीसीचं इंजिन एमटी-09 चं, म्हणजे आधीच तयार होतं. नवी मेहनत गेली पुढच्या दोन चाकांवर, 45 अंश झुकण्यासाठी. फ्रान्समध्ये पूजोची मेट्रोपोलिस आली, आणि ती कंपनी काही वर्षं आपल्या महिंद्रांच्या ताब्यात होती. म्हणजे या घराण्याचा भारताशी संबंध फक्त रिक्षापुरता नाही.

दुरुस्तीनंतर मी पुन्हा सुपरगाला गेलो. तेच वळण. आधी ब्रेक, मग वळण. एका चाकाखाली ओली पानं आली, ते किंचित सरकलं, दुसऱ्याने धरून ठेवलं. तिसऱ्या चाकाचा फायदा इतकाच, पण तोही सांधे घट्ट असतील तरच.

घरी येऊन आजोबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी दोनदा बघितला म्हणे, आणि बाबांकडून निरोप आला: "झुकते छान. पण मीटर कुठाय?"

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत टायरवरचे चार आकडे बघून ठेवा, आपल्या स्कूटरचेसुद्धा.