नळाच्या पाण्याची परीक्षा

पाणी स्वच्छ दिसणे आणि पाणी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जून-जुलैमध्ये नळाला गढूळ पाणी आले की कोल्हापुरात तक्रारींचा पाऊस पडतो. जानेवारीत काचेसारख्या दिसणाऱ्या पाण्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक कावीळ, विषमज्वर वा गॅस्ट्रो पसरविणारे जंतू पाण्याला रंग देत नाहीत, वासही देत नाहीत. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा निवाडा डोळ्यांवर सोडून चालत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा आणि ठरलेले निकष लागतात.

पाणी येते कोठून?

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे शहर. रंकाळा आणि कोटितीर्थ आजही आहेत; वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि कपिलतीर्थाच्या जागी मंडई उभी राहिली. कात्यायनीच्या झऱ्याचे पाणी नळाने शहरात आणण्याचा प्रयोग संस्थानकाळात झाला. पुढे कळंबा तलावाचे पाणी आले आणि 'पाण्याचा खजिना' हे नाव शहराच्या बोलीत कायमचे रुजले. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले राधानगरीचे धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. भोगावतीला बारमाही पाणी मिळाले ते या धरणामुळे. बालिंगा, नागदेववाडी व शिंगणापूर येथील उपसा केंद्रांनी त्यानंतर अनेक दशके नदीचे पाणी उचलून शहराची तहान भागविली.

काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणावे, या मागणीसाठी शहराने वर्षानुवर्षे आंदोलने केली. या योजनेचे काम २०१४ मध्ये सुरू झाले आणि २०२३ च्या दिवाळीत दूधगंगेचे पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोहोचले. सुमारे ५० किलोमीटरहून अधिक लांबीची ही वाहिनी पाचशे कोटींच्या घरात गेली. तिचा मुख्य लाभ गुणवत्तेचा आहे. वाटेत गावांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि शेतातील खते घेऊन येणारे नदीचे पाणी आणि जंगलाने वेढलेल्या जलाशयातील पाणी, यांच्या शुद्धीकरणाची तुलनाच होऊ शकत नाही. तथापि योजना सुरू झाल्यानंतरही पंपांतील बिघाड व गळतीमुळे पुरवठा विस्कळित होत राहिला आणि अशा वेळी जुन्या उपसा केंद्रांकडे वळावे लागले. म्हणजेच पंचगंगा स्वच्छ राखण्याची गरज पाइपलाइनने संपलेली नाही.

शुद्ध म्हणजे नेमके काय?

भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी 'आयएस १०५००' हे मानक ठरविले असून त्याची सुधारित आवृत्ती २०१२ ची आहे. त्यानुसार पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ दरम्यान असावा. गढूळपणा १ एनटीयू इतका असावा. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच तो ५ पर्यंत चालतो. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत असावे. जंतूंच्या बाबतीत मात्र सवलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू आढळताच कामा नये. या जिवाणूचे बहुतेक प्रकार स्वतः फारसे घातक नसतात. पण त्याचे वास्तव्य माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात असते. तो पाण्यात सापडला याचा सरळ अर्थ मैला पाण्यात मिसळला आहे, आणि त्याच वाटेने कावीळ वा कॉलऱ्याचे जंतूही येऊ शकतात.

शुद्धीकरण केंद्रातील काम साध्या क्रमाने चालते. पाणी आधी हवेशी खेळविले जाते. मग तुरटी वा तत्सम रसायन मिसळून गाळाचे कण एकत्र येऊ दिले जातात, निवळण टाकीत ते तळाला बसतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते आणि शेवटी क्लोरीन दिला जातो. गढूळपणाचा निकष केवळ दिसण्यासाठी नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मातीच्या कणांआड जंतू दडतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गढूळ पाण्यात कितीही क्लोरीन ओतला तरी खात्री देता येत नाही ती यामुळेच.

क्लोरीन दिल्यानंतर त्याला जंतू मारण्यासाठी किमान अर्धा तास द्यावा लागतो. त्यानंतरही पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. ग्राहकाच्या नळाशी तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. विषाणूंचा धोका असेल तर ०.५ मिलिग्रॅम. वाटेत कोठे घाण मिसळलीच, तर तिच्याशी लढणारा हा राखीव शिपाई. त्याची तपासणी 'ओटी' चाचणीने काही मिनिटांत होते. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकताच पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, पाणी जसेच्या तसे राहिले तर तो वाटेत संपला आहे. महापालिकेचे कर्मचारी वा आरोग्यसेवक घरी येऊन ही चाचणी करतात, तेव्हा तो निव्वळ सोपस्कार नसतो. शहराच्या शेवटच्या टोकाच्या, चढावरच्या घरी पिवळा रंग दिसणे हीच खरी कसोटी.

दुखणे वाहिनीत

पाणी केंद्रातून शुद्ध निघते, बिघडते ते वाटेत. जुन्या शहरांत पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि गटार एकाच अरुंद गल्लीतून शेजारी-शेजारी जातात. घरगुती जोडणीचे नळ तर अनेक ठिकाणी उघड्या गटारातूनच ओलांडून नेलेले असतात. वाहिनीत पाण्याचा दाब असेपर्यंत गळतीतून पाणी बाहेर पडते, आत काही येत नाही. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते आणि त्याच छिद्रातून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कोणी थेट नळाला मोटार लावली असेल तर ही ओढ आणखी वाढते. शेजारच्या घरी दूषित पाणी जाण्यास आपली मोटार कारणीभूत ठरते, हे मोटार लावणाऱ्याच्या गावीही नसते.

याचा पुरावा कोल्हापूरपासून दूर शोधावा लागत नाही. हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाल्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या नळांचे पाणी तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ठराविक वेळीच पाणी येणाऱ्या भागांतील सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय आढळला. अखंड पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. शहर तेच, फरक होता तो वाहिनीतील दाबाचा. ओडिशातील पुरी शहराने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिता येईल, अशी व्यवस्था जाहीर केली, तिच्या मुळाशीही अखंड दाब हेच सूत्र आहे. एक दिवसाआड पाणी देण्याचा निर्णय प्रशासनाला बचतीचा वाटतो. आरोग्याच्या हिशेबात तो महागात पडू शकतो.

इचलकरंजीचा धडा

२०१२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या इचलकरंजीत काविळीची साथ पसरली. हजारो जणांना लागण झाली, अनेकांचे बळी गेले. ही 'हेपटायटिस ई' प्रकारची कावीळ होती आणि ती मैलामिश्रित पाण्यातूनच पसरते. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जीवघेणी ठरते. या रोगाची आणखी एक खोड आहे. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. दवाखान्यांत रुग्णांची रांग लागते तेव्हा ज्या पाण्याने घात केला ते केव्हाच वाहून गेलेले असते. नमुना घ्यायला धावणारी यंत्रणा कित्येकदा शुद्ध पाणीच तपासते आणि अहवाल 'पिण्यास योग्य' असा येतो. म्हणूनच साथ आल्यावरच्या तपासणीपेक्षा रोजच्या नोंदवहीला महत्त्व आहे.

पंचगंगा प्रयाग चिखलीजवळ तयार होते आणि कोल्हापूर, इचलकरंजी ओलांडून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. वरच्या शहराचे सांडपाणी खालच्या शहराच्या पुढ्यात येते, हा भूगोल कोणाला बदलता येत नाही. जयंती नाल्याचे पाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेले जाते. तेथील क्षमता दररोज ७६ दशलक्ष लिटर आहे, दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटरचे आणखी एक केंद्र आहे. तरीही पंप बंद पडला वा जोराचा पाऊस झाला की नाला थेट नदीत वाहतो. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगांचे पाणी त्यात भर घालते. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्याला नवीन नाहीत. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 'नीरी' संस्थेला पाहणीसाठी पाचारण करावे लागले.

या सगळ्याला विटलेल्या इचलकरंजीने आधी वारणेचे आणि नंतर सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी मागितले. दोन्ही वेळा नदीकाठच्या शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. त्यांचे म्हणणे समजण्याजोगे आहे : आपली नदी घाण करून दुसऱ्याच्या नदीवर हक्क का सांगायचा? पण घाण करणाऱ्यांत एकटी इचलकरंजी नाही, हेही तितकेच खरे. कोल्हापूर स्वतः दूधगंगेचे पाणी पिऊन पंचगंगेत सांडपाणी सोडत असेल, तर या वादात ते त्रयस्थ राहू शकत नाही.

महापुरात तहान

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहराला टँकरची वाट पाहत बसावे लागले. जुलै २०२१ मध्ये पातळी ५६ फुटांवर गेली व पुन्हा तेच घडले. पूर ओसरल्यावरचे पहिले पाणी सर्वांत धोक्याचे असते. अनेक दिवस रिकाम्या राहिलेल्या वाहिन्यांत पुराचे पाणी शिरलेले असते. त्या धुऊन काढून, क्लोरीनची मात्रा वाढवूनच पुरवठा सुरू करावा लागतो. सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या मात्र महापालिकेच्या हद्दीबाहेर राहतात, त्या धुण्याची जबाबदारी रहिवाशांचीच.

बंधन कोणाचे?

शहराला पाणी पुरविणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. सुभाषकुमार खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांवर, मग ती पालिका का असेना, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यान्वये प्रदूषण नियंत्रण मंडळ कारवाई करू शकते. परंतु 'आयएस १०५००' हे मानक नळाच्या पाण्याच्या बाबतीत आजवर ऐच्छिकच राहिले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मानक ब्युरोने राज्यांच्या राजधान्यांतील नळाचे पाणी तपासले, तेव्हा सर्व नमुने उत्तीर्ण झाले ते एकट्या मुंबईचे. हे मानक सक्तीचे करण्याची चर्चा त्या वेळी जोरात झाली, पुढे ती विरली.

हद्दीलगतच्या गावांत पद्धत निराळी आहे. तेथे जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर स्रोताची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. जंतुनाशनासाठी वापरली जाणारी टीसीएल पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे वा ओलसर जागी राहिले की तो उडून जातो आणि विहिरीत पडते ती नुसती चुन्याची भुकटी. साधी बाब, पण गावोगावच्या साथींच्या मागे अनेकदा एवढेच कारण निघते.

घरात काय करावे?

सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. अशा पाण्याला आरओ यंत्राची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, क्षार ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे या यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. कूपनलिकेचे जड पाणी असेल तर गोष्ट वेगळी. 'आरओचे' म्हणून दारात येणारे थंड पाण्याचे जार हीदेखील खात्री नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा तपासलेल्या खासगी आरओ प्रकल्पांतील अनेक नमुने पिण्यास अयोग्य ठरले. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ती राहू देणे, हा सर्वांत स्वस्त व भरवशाचा उपाय. ते शक्य नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे.

नळाच्या पाण्याला वास येऊ लागला, सुरुवातीचे पाणी काळसर आले वा एकाच गल्लीत जुलाबाचे रुग्ण वाढले, तर विभागीय कार्यालयात लेखी तक्रार देऊन नमुना तपासणीची मागणी करावी. आपल्या प्रभागातील नमुन्यांचे अहवाल आणि क्लोरीन तपासणीच्या नोंदी माहिती अधिकार कायद्याखाली, दहा रुपयांच्या अर्जावर, कोणालाही मागता येतात.