सर्पगंधेची मुळी आणि नैराश्याचे रसायन

बंगळूरूच्या जयनगरातून होसूर रस्त्याला लागलात की निम्हान्सचे आवार दिसते. जयनगरची पायाभरणी १९४८ची. हे रुग्णालय त्याहून जुने. १८४७ मध्ये शहरात ‘ल्युनॅटिक असायलम’ निघाले, १९२५ मध्ये त्याचे मानसिक रुग्णालय झाले, १९५४ मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ पासून आजचे नाव. पाटी बदलली तरी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. १९३८ मध्ये इटलीत विजेचे झटके देण्याची पद्धत निघाली. ती तीव्र नैराश्यात खरोखर उपयोगी पडे. पण सुरुवातीला भूल न देताच देत, म्हणून तिची दहशत बसली. आज भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय झटके देण्यास २०१७च्या कायद्याने बंदी आहे. चित्रपटांपर्यंत मात्र ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही!

आता मुख्य गोष्ट. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर तिची मुळी उपयोगी पडते, असे लिहिले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. मग एक विचित्र गोष्ट दिसली: रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. रेसरपिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनसारखी रसायने घटतात, हेही कळले. उलट, क्षयावरच्या इप्रोनियाझिडने काही रुग्ण उल्हसित होत आणि ते या रसायनांचा नाश रोखते. दोन्ही धागे जुळवून शास्त्रज्ञांनी मांडले की नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता.

मांडणी सुबक आहे, म्हणूनच ती जाहिरातींत टिकली. पण मी अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे एक शंका घेतोच. ग्रीस घातल्यावर यंत्राचा आवाज थांबला, तरी बिघाड ग्रीस संपल्याचाच असेल असे नाही. बेअरिंगही झिजलेले असू शकते. इथेही तसेच झाले. नैराश्यावरच्या गोळ्या ही रसायने काही तासांतच वाढवतात, पण मन सुधारायला दोन ते चार आठवडे लागतात. कमतरता हेच कारण असते तर इतका वेळ का लागावा? रेसरपिनने नैराश्य येते, हा पुरावाही पुढे तितका पक्का राहिला नाही. तरी गोळ्या अनेकांना लागू पडतात. कारण अपुरे कळले म्हणून उपचार खोटा ठरत नाही, हे नीट ध्यानात घ्या. कारण याच गोंधळात अनेक जण दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बंद करतात.

बायपोलर विकारात नैराश्याबरोबर उन्मादाचे झटकेही येतात. त्याचा इतिहास वेगळा. १९४९ मध्येच ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमच्या साध्या क्षाराने उन्माद शमतो असे दाखवले. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. अशा रुग्णाला केवळ नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. म्हणून झोप न घेताही उत्साह ओसंडला, पैसे बेभान उधळले, असे दिवस पूर्वी आले असतील तर डॉक्टरांना न विचारताही सांगा.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना आढळले. वसतिगृहात आठवडेच्या आठवडे वर्गाला न येणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो, तेव्हा तो त्या ८५ जणांतला असू शकतो. त्याच्यासाठी किंवा तुमच्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे; रात्रीही लागतो आणि मराठीतही बोलता येते.