'फरार' कोण?

'आरोपी फरार' हे शब्द वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रातोरात गाव सोडून पळालेला माणूस उभा राहतो. शब्दाचा अर्थ तसाच आहे, कायद्याचा मात्र नाही.

शब्द मूळचा अरबी. तिथे 'फिरार' म्हणजे पळणे आणि पळणारा तो 'फार्र'. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येताना क्रियेचे नाव माणसालाच चिकटले आणि पुढे 'फरारी' तयार झाला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी कचेरीतून फिर्याद, वकील, जामीन हलले नाहीत. फरारीही, गंमत म्हणजे, तिथून पळालेला नाही.

इंग्रजी कायद्यातला शब्द 'अ‍ॅबस्कॉन्ड'. त्याचे लॅटिन मूळ पळण्याचे नव्हे, लपण्याचे आहे. म्हणून वॉरंट चुकवण्यासाठी स्वतःच्याच माळ्यावर दडून बसलेलाही कायद्याने फरारी ठरतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 82 हेच सांगत होते. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 84 आले. आधी वॉरंट हवे, मग तो ते चुकवतो आहे असे मानायला न्यायालयाला कारण हवे. त्यानंतर हजर होण्यासाठी किमान 30 दिवसांची मुदत देणारा जाहीरनामा निघतो. तो गावात वाचला जातो, घरावर लावला जातो. मालमत्तेची जप्ती हे पुढचे कलम.

आपल्या फिकहमध्ये तर अंथरुणाला खिळलेला माणूसही 'फार्र' ठरतो. मृत्यूच्या आजारात नवऱ्याने बायकोला, तिने मागितलेला नसताना, बाइन तलाक दिला, तर तो तिच्या वारसाहक्कापासून पळतो आहे असे धरले जाते. हनफी मतानुसार इद्दतीच्या आत तो मेला तर तिला वाटा मिळतोच. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आजारपणात पत्नी तुमाजिर यांना तलाक दिला होता, हजरत उस्मान (रजि.) यांनी त्यांना वारसा दिला. अब्दुर्रहमान यांच्या हेतूवर बोट ठेवण्याचा इथे प्रश्न नाही. पण फुकहांनी या निवाड्याचा आधार घेतला. पाय जागचे हलले का, हे तिथे कोणी पाहत नाही. कोणाचा हक्क चुकवला, हे पाहतात.

आणि आपल्याकडे? कोकणातला एखादा मुलगा करारावर कुवेतला गेलेला असतो. दारी समन्स आलेले नसते, वॉरंट निघालेले नसते, आणि बातमीत तो 'फरार' होतो. जाहीरनामा निघाला आहे का, एवढे तरी बातमीदाराने विचारायला हवे. त्याच्या आईला तो शब्द शेजाऱ्याच्या तोंडून कळतो.