बीदरचा मदरसा : एका सहलीचा हिशेब



नववीच्या वर्गाची शैक्षणिक सहल बीदरला न्यायचे ठरले, तेव्हा एका पालकांनी मला शाळेच्या फाटकापाशी थांबवून विचारले, "सर, पडक्या इमारती बघून पोरांच्या हाती काय लागणार? तेवढ्या पैशात वर्षाच्या वह्या येतील." प्रश्न रास्त होता. दिवसभर हमाली करून मुलाला शिकविणाऱ्या बापाला असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

बीदर आज कर्नाटकात असले तरी आपल्याला परके नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. आमची एस. टी. उदगीर सोडून पुढे निघाली तशी काळी माती मागे पडली आणि विटकरी रंगाचा जांभा दगड दिसू लागला. समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० फूट उंचीच्या या लाल पठाराच्या कडेवर बीदर वसले आहे. किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की पायाखाली पठार एकदम संपते आणि खाली दूरवर शेते पसरलेली दिसतात. सकाळचा गार वारा अंगावर घेत मुले तेथे बराच वेळ गप्प उभी होती. वर्गात असा गप्पपणा मला क्वचितच लाभतो!

बहमनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली. त्याची राजधानी प्रथम गुलबर्गा येथे होती. पुढे सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला आणली. दक्षिणेच्या बाजूने किल्ल्याला खडक फोडून केलेला तिहेरी खंदक आहे. आत सोळा खांब मशीद, तख्त महाल आणि शिंपल्याच्या जडावकामाने नटलेला रंगीन महाल आहे. शहराबाहेर अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. तेथील अहमदशाह वलीच्या उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. अनेक लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात.

या पठाराची एक गंमत मुलांना फार आवडली. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपत जाते आणि खालच्या काळ्या पाषाणाला लागले की अडते. मग ते पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. नरसिंह झऱ्याच्या गुहेत भाविक कमरेइतक्या पाण्यातून दर्शनाला जातात. गुरु नानक झिरा येथे शीख बांधव श्रद्धेने पाणी घेतात. बहमनी काळात याच पाण्यासाठी इराणी पद्धतीचे कारेझ, म्हणजे जमिनीखालचे बोगदे, खोदले गेले. नौबादच्या कारेझवर ठराविक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत. एकाच खडकातून पाझरलेले पाणी सर्वांची तहान भागवते, हे मी मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

आता ज्यासाठी आम्ही गेलो होतो, त्या महमूद गवानच्या मदरशाकडे येतो.

महमूद गवान इराणातील गिलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने तो १४५३ च्या सुमारास आपल्या कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला आला. स्वतःच्या कर्तृत्वाने तो बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने जमिनीची मोजणी करविली. राज्याच्या चार मोठ्या सुभ्यांचे आठ सुभे करून सरदारांची बेसुमार सत्ता आटोक्यात आणली. १४७२ मध्ये गोवा जिंकले आणि त्याच वर्षी बीदरचा हा मदरसा पूर्ण केला. सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद अशी ही तीन मजली इमारत. मध्ये चौक, भोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिक्षकांची निवासस्थाने, व्याख्यानाची दालने, मशीद आणि ग्रंथालय. या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. छापखाना नसलेल्या काळात यातला प्रत्येक ग्रंथ कोणीतरी हाताने लिहिलेला होता, हे लक्षात घ्यावे.

त्याच सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल, जुन्नर या मार्गाने बीदरला आला होता. सरदार ऐषआरामात राहतात आणि खेड्यातील रयत फार हालात आहे, असे त्याने नोंदविले आहे. गवान मात्र त्या सरदारांत राहूनही साधा राहिला. तो चटईवर झोपत असे, मातीच्या भांड्यांत जेवत असे आणि स्वतःची कमाई गोरगरिबांवर व विद्येवर खर्च करीत असे, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो.

अशा माणसाचा शेवट काय झाला? दरबारात दखनी आणि बाहेरून आलेले अफाकी अशा दोन फळ्या होत्या. विरोधकांनी गवानचा शिक्का कोऱ्या कागदावर उमटवून घेतला आणि ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिल्याचा बनाव रचला. सुलतान तिसरा मुहम्मदशाह याने चौकशी न करता १४८१ च्या एप्रिलमध्ये सत्तरीच्या या वजिराचा शिरच्छेद करविला. सत्य कळल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. वर्षभरात तोही वारला. पुढे राज्याचे पाच तुकडे झाले.

मदरशाच्या चौकात हे सांगत असताना एका मुलीने विचारले, "सर, ही भिंत त्याच लोकांनी पाडली का?" मी म्हणालो, "नाही बेटा. ही दारूगोळ्याने पडली." १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर घेतले. त्यानंतर या वास्तूत फौजेचा तळ पडला आणि खोल्यांत दारूगोळा साठविला गेला. १६९६ च्या सुमारास झालेल्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे नागमोडी पट्टे अजून दिसतात. ती मुलगी थोडा वेळ थांबून म्हणाली, "म्हणजे पुस्तकं काढून दारू ठेवली." इतिहासाच्या तासाला मी वर्षभरात जे सांगू शकलो नाही, ते तिने एका वाक्यात सांगितले.

परतताना आम्ही गोरनळ्ळी येथील गवानच्या कबरीवर फातेहा पढलो. तेथे घुमट नाही, उघड्यावरची साधी कबर आहे.

त्या पालकांना आता माझे उत्तर असे आहे. भाईसाहेब, मुलांच्या हाती वह्या हव्यातच, तेथे मी तुमच्याच बाजूचा आहे. परंतु आपल्या वस्तीतही फळ्या आहेत, संशय आहेत, आणि "पोरगी शिकून काय करणार" असे म्हणणारेही आहेत. ज्या खोलीतून पुस्तके बाहेर जातात, त्या खोलीत पुढे काय भरले जाते, हे आपली मुले बीदरला डोळ्यांनी पाहून आली आहेत. तुमचा मुलगा परतीच्या प्रवासात मला म्हणाला, "सर, आपल्या शाळेत किती पुस्तकं आहेत?" मी आकडा सांगितला आणि मला शरम वाटली. या वर्षी प्रत्येक घराने एक पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाला द्यावे, एवढीच नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.