निवडुंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात? ती बुरशी नसून कोचिनील असू शकते

फड्या निवडुंगावरचा पांढरा पुंजका काडीने चिरडून पाहा. गडद लाल रंग निघाला, तर ती कोचिनील कीड. नाही निघाला, तर बहुधा पिठ्या ढेकूण.

भारतात कशी आली?
ही कीड मूळची अमेरिका खंडातली. १७९५ मध्ये किरमिजी रंग मिळवण्यासाठी ती भारतात आणली, पण भलतीच जात आली. १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी जात आणली, ती रानोमाळ माजलेला निवडुंग संपवण्यासाठी. तिने ते काम चोख केलं.

धोका काय?
मादी निवडुंगाला चिकटून रस शोषते. चपट्या फांद्या पिवळ्या पडून गळतात. याच दुसऱ्या जातीने २०१४ पासून मोरोक्कोतल्या निवडुंगाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. महाराष्ट्रात बिनकाट्याचा निवडुंग चारा म्हणूनही लावला जातो. त्यामुळे प्रश्न फक्त गच्चीवरच्या कुंडीचा नाही.

काय कराल?
जोरदार पावसात कीड धुऊन जाते, कोरड्या हवेत वाढते. म्हणून कोल्हापुरात पावसाळा सरला की कुंड्या तपासा. कीड दिसल्यास कुंडी वेगळी ठेवा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुंजके धुवा. जास्त किडलेल्या फांद्या कापून पिशवीत बंद करा, उघड्यावर टाकू नका. पिल्लं वाऱ्यावरही पसरतात.