अंकीय लेखणी

हाताने लिहिताना लेखणीच्या टोकाची होणारी हालचाल टिपून ती संगणकाच्या स्मृतीत अंकांच्या रूपाने साठविणाऱ्या साधनास अंकीय लेखणी म्हणतात. तळहातावर मावणाऱ्या संगणकास पुरेसा मोठा कळफलक जोडणे अवघड असल्याने या साधनाचा विकास मुख्यतः अशा संगणकांबरोबर झाला. लिहिलेली अक्षरे यंत्राने ओळखून छापील मजकुरात बदलावीत, की हस्ताक्षर जसेच्या तसे जतन करावे, हा प्रश्न त्याच्या इतिहासात सतत पुढे आलेला दिसतो.

पूर्वपीठिका : अमेरिकन संशोधक इलायशा ग्रे यांनी १८८८ मध्ये हस्ताक्षर तारेने दूर पाठविणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. संगणकाच्या क्षेत्रात रँड कॉर्पोरेशनची लेखनपाटी (१९६४) महत्त्वाची ठरली. तिच्या सु. २५ सेंमी. चौरस पृष्ठभागाखाली दर इंचास १०० याप्रमाणे वाहक रेषांचे जाळे होते व त्यामुळे लेखणीची दहा लाखांहून अधिक स्थाने ओळखता येत.

हातसंगणकांचा काळ : ग्रिडपॅड हा लेखणीने चालणारा संगणक १९८९ मध्ये विक्रीस आला. त्याचे वजन सु. २ किग्रॅ. होते. ऑगस्ट १९९३ मध्ये ॲपल कंपनीने न्यूटन हा हातसंगणक आणला. वापरणाऱ्याचे नेहमीचे हस्ताक्षर वाचण्याची अपेक्षा त्याच्याकडून होती परंतु त्याच्या चुकांची वृत्तपत्रांतील व्यंगचित्रमालिकेतही थट्टा झाली. पुढील आवृत्त्यांत वाचन बरेच सुधारले, तरी पहिला ग्रह पुसला गेला नाही. १९९८ मध्ये न्यूटनचे उत्पादन थांबविण्यात आले.

ग्रिडपॅडच्या निर्मितीत प्रमुख असलेले जेफ हॉकिन्स यांनी उलट मार्ग धरला. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसाने यंत्रासाठी अक्षर बदलावे, या विचारातून त्यांनी ग्राफिटी ही लिपी तयार केली. तीत बहुतेक रोमन अक्षरे लेखणी न उचलता एकाच फटकाऱ्यात लिहीत उदा., ‘ए’ या अक्षराची आडवी रेघ गाळली जाई. १९९६ च्या पायलट या हातसंगणकाबरोबर ही लिपी लोकप्रिय झाली. मात्र एका फटकाऱ्याच्या लेखनाची कल्पना आपली असल्याचा दावा झेरॉक्स कंपनीने १९९७ मध्ये न्यायालयात दाखल केला व २००३ मध्ये पामने निराळी लेखनपद्धती स्वीकारली. परिणामी एकदा अक्षर बदललेल्यांना ते पुन्हा बदलावे लागले.

कागदावरील लेखन : याच सुमारास, साध्या कागदावर शाईने लिहावे व त्याची प्रत संगणकात उमटावी, अशी साधने पुढे आली. क्रॉसपॅडमध्ये (१९९८) कागदाखालील पाटी लेखणीचे रेडिओ संकेत ग्रहण करी. दुसऱ्या एका पद्धतीत लेखणी अवरक्त व श्राव्यातीत संकेत एकाच वेळी सोडते आणि कागदाच्या कडेला लावलेला ग्राहक ते टिपतो. अवरक्त संकेत जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो ध्वनीस मात्र १ मिमी. अंतरास सु. ३ मायक्रोसेकंद लागतात. दोन ठिकाणी मोजलेल्या या विलंबावरून त्रिकोणाच्या साहाय्याने टोकाचे स्थान निघते. सीको इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या इंकलिंक या साधनाने अशी टिपणे हातसंगणकात घेता येत. स्वीडनमधील आनोटो कंपनीने कागदावरच सु. ०·३ मिमी. अंतरावर सूक्ष्म ठिपके छापले. प्रत्येक ठिपका आपल्या मूळ स्थानापासून चारपैकी एका दिशेस किंचित सरकलेला असतो. लेखणीतील छायाचित्रकाला दिसणारी ३६ ठिपक्यांची रचना इतरत्र आढळत नसल्याने स्थान निश्चित होते.

भारतीय लिप्या : ग्राफिटीची मूळ रचना रोमन अक्षरांसाठी होती. देवनागरीत जोडाक्षरे, चारही बाजूंस येणाऱ्या मात्रा व शिरोरेषा यांमुळे यंत्रवाचन अधिक कठीण होते. कोणी प्रत्येक अक्षरावर शिरोरेषा देतो, तर कोणी शब्द संपल्यावर एकदम ओढतो. बंगळूर येथे विकसित झालेल्या सिंप्युटर या भारतीय हातसंगणकाच्या २००४ मधील अमिडा या नमुन्यात पडद्यावर हाताने लिहिलेला मजकूर तसाच पत्ररूपाने पाठविता येई. यंत्राला अक्षर ओळखावेच लागत नसल्याने कोणतीही लिपी चालत असे.

सद्यःस्थिती : सॅमसंगचा गॅलेक्सी नोट (२०११) व ॲपल पेन्सिल (२०१५) यांनंतर लेखणीस पुन्हा स्थान मिळाले. आता बहुधा हस्ताक्षर मूळ रूपात ठेवले जाते व यंत्र पार्श्वभूमीवर ते वाचून शोधकार्यास साहाय्य करते. त्यामुळे वाचनात चूक झाली, तरी मूळ टिपण बिघडत नाही. देवनागरी हस्ताक्षराचे वाचनही आता सर्वसामान्य भ्रमणध्वनीवर शक्य झाले आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र उरतो. निर्मात्याने स्वतःच्याच स्वरूपात साठविलेले टिपण वाचण्यास त्याचीच आज्ञावली लागते ती बंद पडल्यास टिपण असूनही हाती लागत नाही. यासाठी जागतिक जाळ्याची मानके ठरविणाऱ्या संघाने २०११ मध्ये इंकएमएल हे सामाईक स्वरूप प्रसिद्ध केले. कागदावरही शाईने लिहिणाऱ्या लेखणीत मूळ पान लेखकापाशी राहते, हा तिचा गुण म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगा नाही.