सूत्रधाराने सोंग घेऊ नये?

डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्या जातीचे खेळ आता पुण्या-मुंबईच्या घरांतही रंगतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि एक जण, गेम मास्टर, गोष्ट चालवतो. जग त्याचं, राक्षस त्याचे, नियमांचा निवाडाही त्याचाच. या मंडळींत एक मत इतकं मुरलं आहे की नवख्याला ते पहिल्याच बैठकीत ऐकवलं जातं: गेम मास्टरने स्वतःचं पात्र खेळू नये. सरायवाला, राजा, ड्रॅगन यांच्या तोंडून तो खुशाल बोलो. पण नायकांच्या टोळीबरोबर चालणारं, लुटीत वाटा घेणारं, त्यांच्यासारखंच हळूहळू बलवान होणारं आपलं माणूस त्याने गोष्टीत घालू नये.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. भुयाराचा दरवाजा कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने तो शोधण्याचं नाटक काय करायचं? निवाडा करणाराच पक्षकार झाला तर न्याय कसला? आणि आपल्या लेकरावर माया कोणाची नसते. बघता बघता त्याचं पात्र सगळी संकटं निवारतं आणि बाकीचे टाळ्यांपुरते उरतात. असे खेळ होतात, फसतात, हे कबूल. पण एखादं काम पुष्कळांच्या हातून बिघडतं एवढ्याने ते मुळात निषिद्ध ठरत नाही. ज्या रंगभूमीने हे दुहेरी काम पिढ्यान् पिढ्या निभावलं तिला या वादात कोणी साक्षीला बोलावत नाही, म्हणून हा खटाटोप.

ती रंगभूमी म्हणजे दशावतार. रेडी हे वेंगुर्ले तालुक्याचं टोक. पलीकडे तेरेखोल, म्हणजे गोवा. कार्तिकानंतर या पट्ट्यात जत्रा लागतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार उभा राहतो. त्याला लिखित संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता मंडळातला जाणता नट, पुष्कळदा खुद्द मालक, आख्यान सांगतो: शाप कोणाचा, युद्ध कुठे, शेवटी कोणता देव प्रगटणार. संवाद ज्याचे त्याने रचायचे, तेही उभ्याउभ्या. आणि आख्यान सांगणारा हा माणूस मग पडद्यामागे हिशेब करत बसत नाही. मुकुट चढवून तोही बाहेर येतो. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण मंडळही चालवत आणि प्रमुख पार्टही करत. लोकांनी त्यांना ‘लोकराजा’ म्हटलं. मालक असून पार्ट कसा करतो, असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

हे प्रत्यक्ष चालतं कसं? मांडावर एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग, झांज. समजा, प्रधानाचं काम करणारा नवा पोरगा बोलण्याच्या भरात वाहवला. आख्यानात राजा शिकारीला निघायचा आहे, आणि हा राजकन्येच्या लग्नाची बोलणी काढून बसला. मालक पडद्यामागे असता तर खाकरण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हतं. पण तो राजा होऊन समोर बसला आहे. तो दाढीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘‘प्रधानजी, विवाहाचा विचार उत्तम. परंतु श्वापदांनी प्रजा त्रस्त असता राजाने मांडवात बसावे काय?’’ पोराची लाज राहिली, शिकार निघाली, पेटीवाल्याने सूर पकडून पद उचललं. शिवाय लग्नाचा धागा पडला तो पडलाच. पहाटेपर्यंत कोणीतरी तो ओढून वेगळीच गंमत करील. गोष्ट थांबवून ‘असं नाही, तसं’ सांगावं लागलं नाही. बाहेर बसलेल्या चालकाला गोष्ट वळवायची तर हुकूम सोडावा लागतो. आतल्याला नुसतं बोलता येतं, आणि त्या बोलण्याला समोरचा उलट उत्तरही देऊ शकतो.

यावर कोणी म्हणेल, दशावतारात शेवट ठरलेला असतो. संकासूर विष्णूच्या हातून मरणार हे शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत. टेबलावरच्या खेळात शेवट मोकळा, म्हणून तिथे जाणकाराचं पात्र घातक. आक्षेप वजनदार आहे. पण तो पहिल्या आक्षेपाच्याच मुळावर येतो. शेवट माहीत असून न माहीत असल्यासारखं वागता येतं, हे दशावतारी नट रोज सिद्ध करतो. मरणार हे ठाऊक असलेला संकासूर मालवणीत भटजीची टर उडवत असा हिंडतो, जणू त्याला आणखी शंभर वर्षं जगायचं आहे. तेव्हा ज्ञान ही अडचण नाही. प्रश्न उरतो तो हा, की त्या ज्ञानाचा फायदा तो स्वतःच्या पात्राला देतो की दुसऱ्याच्या.

इथे भवभूतीकडे वळायला हवं. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत सूत्रधार स्वतः कोणती भूमिका घेणार ते सांगितलं आहे: कामंदकीची. माधव नव्हे, राजा नव्हे. एक वृद्ध बौद्ध परिव्राजिका. आणि ही बाई नाटकात करते काय? दोघा प्रेमिकांची गाठ पडावी म्हणून सगळी सूत्रं हलवते. म्हणजे नाटक चालवणाऱ्याने नाटकात नाटक चालवणारीचंच सोंग घेतलं! मात्र कापालिक अघोरघंटाच्या हातून मालतीला सोडवतो माधव. त्या घटकेला कामंदकी तिथे नसते. चालकाच्या पात्राचा याहून नेमका नमुना मला दुसरा दिसत नाही. त्याने वाट दाखवावी, ओळखी करून द्याव्यात, अडचणीही आणाव्यात. तलवारीची वेळ आली की बाजूला व्हावं. रूढ मताला खरी भीती आहे ती माधवाची भूमिका लाटणाऱ्या चालकाची, आणि तेवढ्यापुरती ती रास्तही आहे. पण त्यासाठी कामंदकीलाही हद्दपार करणं हा अतिरेक झाला.

आता निवाड्याचा आक्षेप. जो खेळत नाही तो निःपक्षपाती, हे गृहीतक त्याच्या बुडाशी आहे. सभापर्वातलं द्यूत आठवावं. धृतराष्ट्र फासे टाकत नाही. तो यजमान, सभेचा धनी. पण द्रौपदी पणाला लागते तेव्हा ‘जिंकलं का, जिंकलं का?’ असं पुन्हा पुन्हा विचारत त्याचा हर्ष उघडा पडतो. त्याच्या हातात फासा नव्हता म्हणून त्याचा पक्ष नाहीसा झाला नाही. उलट त्याचं स्वतःचं काही पणाला नसल्यामुळे तो हरूच शकत नव्हता. युधिष्ठिराची तक्रार तर निराळीच होती: पण लावणार दुर्योधन आणि खेळणार शकुनी, एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं त्याला विषम वाटलं. ज्याचा पण त्यानेच समोर बसून खेळावं, हे त्याचं म्हणणं आपल्या वादात माझ्या बाजूने पडतं. चालकाचं एखादं पात्र टोळीत असेल तर त्याला बाण लागू शकतो, त्याचं सोनं जाऊ शकतं, ते मरूही शकतं. ज्याचं काही जाणार नाही त्याच्यापेक्षा असा चालक मला जास्त भरवशाचा वाटतो.

खुद्द या खेळाचा इतिहासही बंदीवाल्यांना पुरता अनुकूल नाही. 1974 मध्ये डेव्ह आर्नेसनबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या गॅरी गायगॅक्सचा मॉर्डेनकायनेन नावाचा जादूगार प्रसिद्ध आहे. ग्रेहॉक हे गायगॅक्सचंच जग. रॉब कुंट्झ ते चालवण्यात त्याचा भागीदार झाल्यावर गायगॅक्स त्यात स्वतःचं पात्र खेळू लागला. 1987 च्या आर्स मॅजिका या खेळाने तर गोष्ट चालवण्याचं काम आळीपाळीने सगळ्यांकडे फिरतं ठेवण्याची पद्धतच मांडली. आज जो चालक तो उद्या खेळाडू; आपलं जादूगाराचं पात्र कोणी मोडीत काढत नाही. याला ते नटमंडळी-पद्धत म्हणतात. आमच्याकडच्या मंडळांना त्याचं नवल वाटणार नाही.

राहता राहिली ती एक विसंगती. पात्र घेऊ नका असं बजावणाऱ्या अनेक बैठकींत गेम मास्टरसमोर पुठ्ठ्याचा उभा पडदा असतो. त्यामागे तो फासे टाकतो आणि आलेला आकडा सोयीप्रमाणे बदलायची त्याला मुभा असते. गोष्ट रंगावी म्हणून हे चालतं, असं समर्थनही होतं. म्हणजे सगळ्यांसमोर जखमी होऊ शकणाऱ्या पात्राला मज्जाव, आणि कोणाला न दिसणाऱ्या हाताला मोकळीक. माझ्या हाती असतं तर मी पडदा काढून घेतला असता आणि म्हणालो असतो, घ्या तुमचं पात्र, पण फासे इथे, मधोमध टाका.